पिठाच्या पोत्याचे अंगडे

वस्त्रांचा इतिहास सांगू लागले की ढाक्याची मलमल, पैठणचे जरीकाम, दरबारातले किनखाप यांचीच नावे प्रथम ओठांवर येतात. त्यात नवल नाही. ही वस्त्रे मोलाची होती, म्हणून पेटीत जपून ठेवली गेली. जपली गेली म्हणून संग्रहालयात पोहोचली. आणि संग्रहालयात पोहोचली म्हणून त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले. परंतु घराघरांत, फावल्या वेळी, उरल्यासुरल्या कापडातून आयांनी आणि आज्यांनी मुलांसाठी जी शिलाई केली, तिच्यापुढे या मोलाच्या वस्त्रांची शिलाई ती किती? त्या लहान कपड्यांचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. कारण इतिहासाला लागणारा पुरावा त्यांनी मागे ठेवला नाही.

ठेवणार तरी कसा? थोरल्याला आखूड झालेला सदरा धाकट्याच्या अंगावर जातो. त्यालाही तो पुरेनासा झाला की त्याचे झबले होते. झबले विरले की ते गोधडीच्या थरात जाते, नाहीतर त्याचे पोतेरे होते. तान्ह्या बाळाचे दुपटे आणि लंगोट वापरून मऊ झालेल्या धोतराचे किंवा लुगड्याचे करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी यांचाही जन्म जुन्या साड्या-धोतरांच्या थरांतूनच झाला. विनयपिटकात आनंदाची एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे उत्तरीये दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू करणार तरी काय, असा राजाला प्रश्न पडला. आनंदाने उत्तर दिले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांचे गादीचे अभ्रे, अभ्र्यांची जमिनीवरची आंथरणे, आंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकीही फाटली म्हणजे ती कुटून, चिखलात मिसळून, त्या चिखलाने जमीन सारवता येईल. राजा संतुष्ट झाला. काटकसरीचे याहून सुंदर वर्णन क्वचितच सापडेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ही कथा वेगळेच काही सांगते. ज्या वस्त्राचा पुरता उपयोग झाला, ते शेवटी मातीत मिळाले. जे वाया गेले किंवा वापरलेच गेले नाही, तेवढेच आपल्यापर्यंत आले.

या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे. तो म्हणजे पिठाच्या कापडी पोत्यातून शिवलेले मुलांचे कपडे. या कपड्यांवर अक्षरे होती. गिरणीचे नाव, गावाचे नाव, पिठाचे वजन, व्यापारी चिन्ह असा सारा तपशील त्या कापडावर छापलेला असे. एरवी मुक्या असणाऱ्या चिंधीला येथे वाचा फुटली. या अक्षरांचे पुढे काय झाले हे तीन देशांत पाहिले, तर गरिबी, मदत आणि स्वाभिमान यांच्याविषयी पुष्कळ काही कळून येते.

आपल्याकडे पोते म्हटले की डोळ्यांपुढे येते ते तागाचे तरट. कलकत्त्याजवळ रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी सुरू झाली, आणि पुढे साऱ्या जगाचे धान्य बंगालच्या गोणपाटातून प्रवास करू लागले. पण गोणपाट बाळाच्या अंगाला कसे सोसावे? त्याचे अंगडे होत नाही. अमेरिकेत मात्र गोष्ट निराळी होती. तेथे पीठ पूर्वी लाकडी पिंपांतून विकले जाई. एका पिंपात १९६ पौंड पीठ मावे. १८४६ साली इलायस हाउ याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि त्यानंतर यंत्राची घट्ट शिलाई मिळू लागताच, वजन पेलणारे सुती पोते तयार करणे शक्य झाले. पिंप गेले, पण पिंपाचा हिशेब राहिला. म्हणून पोती ९८ पौंडांची, म्हणजे अर्ध्या पिंपाची, आणि ४९ पौंडांची, म्हणजे पाव पिंपाची निघू लागली. कापूस त्यांच्या देशात मुबलक होता. त्यामुळे पीठ, साखर, मीठ, गुरांचे व कोंबड्यांचे खाद्य हे सारे सुती कापडातून घरी येऊ लागले. पीठ संपले की हातात उरे ते चांगले, टिकाऊ, धुण्याजोगे कापड.

हे पोते इतिहासाच्या मोठ्या रंगमंचावर आले ते बेल्जियममध्ये. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला. सत्तर लाखांहून अधिक वस्तीचा हा लहानसा, उद्योगप्रधान देश आपल्या अन्नधान्याचा मोठा भाग परदेशांतून आणीत असे. आता एका बाजूला जर्मनांचा अंमल आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी, अशा कात्रीत सारे राष्ट्र उपासमारीच्या काठावर येऊन उभे राहिले. त्या वेळी लंडनमध्ये राहणारा हर्बर्ट हूवर नावाचा एक अमेरिकन खाण-अभियंता पुढे आला. हाच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. ऑक्टोबर १९१४ मध्ये त्याने बेल्जियमच्या मदतीसाठी एक आयोग उभारला. अमेरिका आणि कॅनडातील गिरण्यांचे पीठ जहाजांनी हॉलंडमधील रॉटरडॅम बंदरात उतरे आणि तेथून कालव्यांतून होड्यांनी बेल्जियमच्या गावोगाव जाई.

पिठाबरोबर पोतीही येत. या रिकाम्या पोत्यांचा हिशेब मदत-आयोग फार काटेकोरपणे ठेवी. त्याला कारणे दोन होती. स्फोटक द्रव्ये तयार करण्यासाठी कापसाला त्या काळी मोठी मागणी होती. दानाची पोती जर्मनांच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत जाऊ नयेत ही पहिली चिंता. कोणी लबाड व्यापारी रिकाम्या पोत्यांत हलके पीठ भरून ते अमेरिकन पीठ म्हणून विकील, ही दुसरी. म्हणून ही पोती मोजून शिवणशाळांकडे, जोगिणींच्या मठांकडे आणि बेकार स्त्रियांसाठी काढलेल्या शिवणगृहांकडे सोपवली जात. तेथे त्यांतून मुलांचे झगे, सदरे, टोप्या, अंतर्वस्त्रे शिवली गेली. बेल्जियम हा लेसच्या विणकामासाठी आणि भरतकामासाठी शतकानुशतके नावाजलेला देश. युद्धाने त्या कारागिरिणींच्या हातचे काम गेले होते. त्या हातांना हे जाडेभरडे कापड मिळाले.

आणि त्यांनी काय केले? पुष्कळ पोत्यांवरची अक्षरे त्यांनी पुसली नाहीत. गिरणीच्या नावावरून, गावाच्या नावावरून त्यांनी रंगीत रेशमाचे टाके घातले; चिन्हांतल्या प्राण्यांना आणि फुलांना धाग्यांनी उठाव दिला; बाजूला बेल्जियमचे व अमेरिकेचे ध्वज आणि कृतज्ञतेचे शब्द भरले. अशी भरतकाम केलेली पोती विकून मदतीसाठी पैसा उभा करण्यात आला, आणि कित्येक पोती भेट म्हणून समुद्रापार परत गेली. आयोवा राज्यातील वेस्ट ब्रँच हे हूवरचे जन्मगाव. तेथील त्याच्या स्मारक-ग्रंथालयात अशी शेकडो पोती जतन केलेली आहेत. ज्या गिरणीतून ते पोते पीठ घेऊन निघाले, तिचे नाव त्या टाक्यांखाली आजही वाचता येते.

बेल्जियममध्ये अक्षरे मिरवली गेली, याचे कारण उघड आहे. ते दान परक्या देशाचे होते, आणि संकट साऱ्या राष्ट्रावर कोसळलेले होते. श्रीमंत आणि गरीब एकाच रांगेत उभे होते. त्या अक्षरांनी कोणा एका घराकडे बोट दाखवले जात नव्हते. जे दारिद्र्य सर्वांचे असते, त्याची लाज वाटत नाही.

ज्या देशात ती पोती तयार होत होती, तेथे मात्र नेमके उलटे घडले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील व मध्यभागातील शेतकरी कुटुंबांत पिठाच्या आणि खाद्याच्या पोत्यांचे कपडे फार पूर्वीपासून वापरात होते. या पोत्यांची तोंडे साखळी टाक्याने शिवलेली असत. त्याचे योग्य टोक सापडले, की एका ओढीसरशी सारी शिवण उलगडे. तो दोराही कोणी फेकत नसे. गुंडाळून ठेवून त्याचे क्रोशाकाम किंवा गोधडीची शिलाई होई. कापड हाती येई, पण त्यावर गिरणीचे ठसठशीत नाव असे. मग ते धुण्याचा खटाटोप सुरू होई. शाईवर चरबी किंवा रॉकेल चोळायचे, पोते रात्रभर भिजत ठेवायचे, सकाळी कडक साबणाने घासायचे, उकळत्या पाण्यात घालायचे, आणि एवढे करूनही एखादे अक्षर फिकट निळे उरलेच तर तो भाग आतल्या बाजूस जाईल असा बेत कापताना करायचा. एका पोत्यासाठी एवढे कष्ट कशासाठी? कापड स्वच्छ व्हावे एवढ्यासाठीच नव्हे. आपल्या मुलीच्या पाठीवर पिठाच्या गिरणीचे नाव शाळेतल्या इतर मुलांनी वाचू नये, यासाठी. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदी आली, तेव्हा या धुण्याला आणखीच धार चढली. शेजारणीला परवडणारे कापड आपल्याला परवडत नाही, हे पोटच्या पोराच्या अंगावरून जगाला कळणे कोणत्या आईला रुचेल?

ही गोष्ट गिरणीवाल्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. १९२४ साली मिसूरी राज्यातील असा बेल्स याने, पुढे वस्त्र म्हणून वापरता येईल अशा नक्षीदार पोत्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि सेंट लुइसच्या जॉर्ज पी. प्लांट या गिरणीने चौकड्यांच्या कापडातून आपले पीठ बाजारात आणले. पुढच्या वीस वर्षांत ही कल्पना देशभर पसरली. फुलापानांची, ठिपक्यांची, पट्ट्यांची, आणि खास मुलांसाठी प्राण्यांच्या व बालकथांच्या चित्रांची पोती निघाली. गिरणीचे नाव आता धुतल्याबरोबर निघून जाणाऱ्या शाईने छापले जाई, किंवा पाण्यात सुटून येणाऱ्या कागदी चिठ्ठीवर असे. पोत्यांपासून काय काय शिवता येईल हे दाखवणाऱ्या नमुन्यांच्या पुस्तिका वाटल्या गेल्या. एका अंदाजाप्रमाणे १९४२ च्या सुमारास सुमारे तीस लाख अमेरिकन स्त्रिया व मुले अशा कापडाचे कपडे वापरीत होती.

खाद्याचे शंभर पौंडी पोते उसवले म्हणजे एक वाराहून थोडे अधिक कापड निघे. मोठ्या बाईच्या झग्याला तशी तीन पोती लागत, आणि तीही एकाच नक्षीची. पण लहान मुलीचा झगा एका पोत्यात होई. पुढची पाठ, मागची पाठ, आणि कडेच्या पट्टीतून बाह्या. त्यातूनही जो तुकडा उरे तो गोधडीला. झगा शिवताना खालची दुमड चांगली रुंद ठेवायची, म्हणजे मूल वाढेल तशी ती सोडता येते. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या अशा जादा कापडाला मराठीत आपण ‘माया’ म्हणतो. जगातील सगळ्या गरीब घरांच्या शिवणकामाचे मर्म या एका शब्दात आले आहे. नक्षी जुळवण्यासाठी बायका आपसांत पोत्यांची अदलाबदल करीत. बाजाराला निघालेल्या नवऱ्याजवळ कापडाचा तुकडा देऊन तसेच पोते आणायला सांगत. आणि बिचारा दुकानदार थप्पीच्या तळचे पोते काढण्यासाठी वरची वजनदार पोती हलवीत बसे. पूर्वी खाद्याचा दर्जा पाहून पोते निवडले जाई; आता फुले पाहून निवडले जाऊ लागले. घरखर्चात जिला फारसे विचारले जात नव्हते, त्या शेतकरणीच्या आवडीनिवडीला बाजाराने प्रथमच मान दिला, तो असा खाद्याच्या दुकानात.

दुसऱ्या महायुद्धात या पोत्यांचा आपल्या देशाशी एक संबंध आला. युद्धामुळे बंगालमधून अमेरिकेला होणारी तागाची आयात आक्रसली, आणि गोणपाटाची जागा तेथे अधिकाधिक सुती पोत्यांनी घेतली. साहजिकच घराघरांत जाणारे कापडही वाढले. ज्या बंगालकडून ताग जाईनासा झाला, तेथे मात्र १९४३ चा भीषण दुष्काळ पडला, आणि अन्नामागोमाग कापडाचाही दुष्काळ आला. अंगावर धड वस्त्र नाही म्हणून स्त्रियांना घराबाहेर पडणे अशक्य व्हावे, अशी दशा तेथील खेड्यांत झाली. काटकसरीची थोरवी गाताना हे विसरता कामा नये. उरलेल्यातून नवे करण्यासाठी आधी काहीतरी उरावे लागते. ज्याच्या घरात पीठच आले नाही, त्याच्या घरात पोते कोठून येणार? आणि कापड नसले तर सुई कितीही कुशल असली तरी ती काय शिवणार?

युद्धानंतर कागदी पोती आली. ती स्वस्त होती, आणि गिरण्यांनी त्यांची कास धरली. कापूस-उत्पादकांच्या संस्थांनी सुती पोत्यांच्या शिवणकामाच्या स्पर्धा भरवून जुना रिवाज टिकवण्याचा प्रयत्न केला. कॅन्सस राज्यातील कॉल्डवेल या गावच्या एका गृहिणीने अशाच स्पर्धेसाठी १९५९ साली शिवलेला झगा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण स्पर्धांनी गिरण्यांचा हिशेब बदलत नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुलांचे कपडे शिवण्याजोगे पोते अमेरिकन घरांतून दिसेनासे झाले.

तेवढ्यात तेच पोते आणखी एका देशात मुलांच्या अंगावर चढले होते. १९५१ ते १९६५ या काळात तैवानला अमेरिकेची आर्थिक मदत मिळत होती, आणि त्या मदतीत गव्हाचे पीठ होते. पोत्यांवर हस्तांदोलन करणाऱ्या दोन हातांचे चिन्ह, त्याबरोबर ‘चीन-अमेरिका सहकार्य’ या अर्थाची चिनी अक्षरे आणि ‘निव्वळ वजन २२ किलो’ असा मजकूर असे. तैवानच्या आयांनी या पोत्यांच्या मुलांसाठी चड्ड्या शिवल्या. त्यांवरची अक्षरे ना भरतकामाने सजवली गेली, ना पुरती धुतली गेली. ती तशीच राहिली. दोन राष्ट्रांचे सहकार्य आणि बावीस किलोंचे निव्वळ वजन बसायच्या जागी वागवीत ती मुले खेळली-बागडली. पुढे तैवान संपन्न झाला, आणि त्या पिढीतील माणसे या चड्डीची आठवण हसत हसत सांगू लागली. ती चड्डी म्हणजे तेथील एका साऱ्या कालखंडाची खूणच होऊन बसली आहे. पण हे हसू संपन्नतेनंतरचे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याला पुन्हा ती चड्डी घालावी लागणार नाही, त्यालाच तिच्यावर मोकळेपणाने हसता येते.

कापड तेच, सुई तीच, आणि आईचा हातही तोच. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या नजरेत. म्हणून ‘पोत्याचा कपडा’ हा शब्द एका ठिकाणी गौरवाचा होतो, दुसऱ्या ठिकाणी टोमण्याचा, तर तिसऱ्या ठिकाणी विनोदाचा. चिंधीत स्वतःची अशी लाज नसते. लाज तिच्यावर बाहेरून छापली जाते, जसे गिरणीचे नाव छापले जाते. ज्या गिरण्यांनी धुतली जाणारी शाई वापरली, त्यांनी ते नफ्यासाठी केले यात शंका नाही. तरी त्यात दात्यांनी शिकण्यासारखे काही आहे. आजही संकटग्रस्तांना वाटल्या जाणाऱ्या वस्तूंवर देणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत झळकत असते, आणि ते घेणाऱ्याला अंगावर वागवावे लागते. दान देताना नाव लिहायचेच असेल तर ते एका धुण्यात निघून जाईल अशा शाईने लिहावे.

इतिहासाच्या अभ्यासकाची मात्र येथे मोठी पंचाईत होते. त्याला हवी असतात ती नेमकी हीच अक्षरे. संग्रहालयांत जे जपले गेले, त्यात बेल्जियमच्या स्त्रियांनी रेशमाने भरलेली पोती आहेत, अक्षरे न गेलेली पोती आहेत, स्पर्धेसाठी शिवलेला झगा आहे. परंतु रात्रभर भिजवून, सकाळी घासून, उन्हात वाळवून ज्या आईने गिरणीचे शेवटचे अक्षरही नाहीसे केले, आणि ज्या मुलीला आपला झगा पोत्याचा आहे हे कोणी कधी म्हणू शकले नाही, तिचा झगा आपल्याला ओळखू येणार नाही. तो चारचौघींच्या झग्यांसारखा वापरला गेला, धाकटीला गेला, गोधडीत गेला आणि विरून गेला.